हातचलाखीविना पत्त्यांची जादू शिकवणारा संच : सहा महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा गेली तीन वर्षे दुखतो. कार्यालयातल्या हिशेबाच्या कामापुरता तो साथ देतो, पण लोणच्याच्या बरणीचे झाकण फिरवायचे म्हटले की लगेच असहकार पुकारतो. त्यामुळे तळहातात पान लपवणे, दोन पाने एक म्हणून उलटणे किंवा वरचे पान तसेच राखून खालचे वाटणे हे प्रकार मला या जन्मी साधणार नाहीत, हे मी केव्हाच मान्य केले होते. म्हणूनच ‘हातचलाखीची गरज नाही, पहिल्या दिवसापासून जादू’ असे खोक्यावर छापलेला एक शिकाऊ संच दिसला, तेव्हा ६४९ रुपये मोजून मी तो मागवला. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत तो मी वापरला आणि त्यातील बहुतेक प्रयोग चिपळूणला बहिणीच्या घरी, सुट्टीला जमलेल्या पंधरा-सोळा माणसांसमोर करून पाहिले. ती सगळी मेंढीकोट आणि बदाम सात खेळून तयार झालेली मंडळी असल्यामुळे प्रेक्षक म्हणून ती अजिबात भोळी नव्हती.

संचात तीन कॅट, अठ्ठेचाळीस पानांची इंग्रजी पुस्तिका आणि चित्रफितींसाठी एक क्यूआर कोड असतो. तीनपैकी एक कॅट साधा आहे आणि दोन ‘तयार केलेले’ आहेत. आधी साध्या कॅटविषयी लिहितो, कारण शेवटी उपयोगी पडला तो तोच. पानांचा कागद बरा, छपाई स्वच्छ, पाठीला पांढरी किनार. मुंबईत डिसेंबरात ही पाने छान सुटत होती, पण कोकणातल्या मे महिन्याच्या दमट हवेत ती एकमेकांना चिकटू लागली. रमी खेळताना दोन पाने एकदम आली तर आपण हसून एक परत ठेवतो, मात्र ज्या प्रयोगाचा सगळा भार मोजणीवर आहे, तिथे एक पान जास्त गेले की प्रयोग संपला, आणि तो नेमका कुठे चुकला हे शेवटच्या क्षणापर्यंत कळतही नाही. पहिल्याच संध्याकाळी माझे असे दोनदा झाले. तिसऱ्या वेळी मी बहिणीच्या घरातला प्लॅस्टिकचा जुना कॅट घेतला आणि मग मोजणी एकदाही चुकली नाही. हातचलाखी नको म्हणणाऱ्या संचात पानांचा गुळगुळीतपणा ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट असायला हवी होती, आणि उत्पादकाने खर्च वाचवला तो नेमका तिथेच.

दोन तयार कॅटपैकी पहिला स्वेंगाली प्रकारचा आहे. त्यात सव्वीस पाने वेगवेगळी असतात आणि सव्वीस एकाच पानाच्या प्रती असतात. प्रती किंचित आखूड कापलेल्या असतात व एकाआड एक लावलेल्या असतात, त्यामुळे पानांची कड अंगठ्याने सोडत नेली की समोरच्याला सगळी पाने वेगळी दिसतात, पण कुठेही थांबवून वरचे पान उचलले की हाती येते ते आखूड पानच. दुसरा कॅट एका टोकाकडे अगदी थोडा निमुळता कापलेला असतो. एखादे पान उलट टोकाने परत घातले की त्याचे रुंद टोक बाजूला जरासे बाहेर राहते आणि दोन बोटांनी ते ओढून घेता येते. दोन्ही कल्पना जुन्या आणि खरोखर हुशार आहेत, आणि पहिल्यांदा पाहताना मलाही गंमत वाटली. तरी माझ्या मते या संचात त्यांना जागा नाही. एक तर अंगठ्याने पाने सोडत नेणे किंवा बाजूला आलेले पान बोटांनी चाचपणे हीसुद्धा हाताचीच कला आहे, फक्त ती कारखान्याने अर्धी करून दिलेली आहे. दुसरे म्हणजे हे कॅट प्रेक्षकाच्या हाती देता येत नाहीत. आमच्याकडे कॅट दिसला की आधी कोणीतरी तो ओढून घेऊन पिसायला लागते, ही सवय आहे, संशय नव्हे. माझ्या भाच्याने स्वेंगाली कॅट उचलून उलटा पसरला आणि ‘मामा, यात चौकटच्या सव्वीस राण्या आहेत’ असे जाहीर केले, तेव्हा त्या कॅटची कारकीर्द तिथेच संपली.

पुस्तिकेत एकोणीस प्रयोग आहेत. त्यांची पहिली पायरी ‘खुणेचे पान’ आहे. कॅटचे सर्वांत खालचे पान नकळत पाहून ठेवायचे, प्रेक्षकाने निवडलेले पान वर ठेवायला लावून कॅट काटायचा, की निवडलेले पान आपल्या खुणेच्या पानाच्या लगत येते. आमच्या पिढीतल्या बहुतेकांना शाळेत असतानाच हे कळलेले असते, त्यामुळे त्यावर अधिक बोलत नाही.

त्यापुढचा एकवीस पानांचा प्रयोग मात्र मी वाचकांना मन लावून शिकायला सांगेन. पाने सात-सातच्या तीन गड्ड्यांत उघडी वाटायची, मनात धरलेले पान कोणत्या गड्डीत आहे ते विचारायचे, ती गड्डी इतर दोहोंच्या मध्ये ठेवून पुन्हा वाटायचे, आणि असे तीनदा झाले की ते पान वरून अकरावे येते. खालून मोजले तरी अकरावेच. हे पाठ करून घेणे सोपे आहे, पण ते का होते हे समजून घेतले तर प्रयोगाची भीती जाते. पहिल्या वाटणीनंतर ते पान आठव्या ते चौदाव्या जागेत कुठेतरी असते. दुसऱ्या वाटणीत त्या सात पानांची तीन गड्ड्यांत विभागणी होऊन प्रत्येकीत दोन किंवा तीनच संशयित उरतात, आणि तिसऱ्या वाटणीत एकच. फ्रेंच गणिती जोझेफ गेर्गोन यांनी १८१३-१४ च्या सुमारास याच प्रयोगाच्या सत्तावीस पानांच्या रूपाचे गणित मांडले. त्यात निवडलेली गड्डी वर, मध्ये की खाली ठेवायची याचे तीन पर्याय तीन वेळा मिळतात, तीन गुणिले तीन गुणिले तीन म्हणजे सत्तावीस, आणि म्हणून प्रेक्षक सांगेल त्या क्रमांकावर त्याचे पान आणता येते. पुस्तिकेत यातले काहीच नाही. तिथे फक्त ‘पायरी एक, पायरी दोन’ आहे, आणि पाने वाटताना कोणी मध्येच बोलले व तुमची पायरी विसरली, तर सावरायचे कसे, याला उत्तर नाही.

या प्रयोगाचे खरे दुखणे माझ्या सासूबाईंनी एका वाक्यात सांगितले. मी तिसऱ्यांदा एकवीस पाने वाटायला घेतली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अहो जावईबापू, हे पाढे म्हणणं झालं, जादू कधी करणार?’ हिशेबनिसाला हा टोला वर्मी लागला. हाताची करामत नसलेल्या प्रयोगांत मोजणे आणि वाटणे फार असते, आणि त्या वेळात माणसे कंटाळतात. तो वेळ बोलून भरून काढावा लागतो, पाने वाटण्याला काही निमित्त द्यावे लागते. दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग मी घरातल्या चोरीच्या तपासासारखा रंगवला. एकवीस माणसे, तीन वाडे, आणि फराळाच्या डब्यातली चकली कोणी खाल्ली याचा शोध. आता वाटणी ही मोजणी न राहता पंचनामा झाली, आणि सासूबाई ‘मधल्या वाड्यात बघा, मधल्या’ असे सांगून मलाच चुकवू पाहू लागल्या. पुस्तिकेत बोलण्याविषयी एक परिच्छेद आहे आणि त्यात ‘हसतमुख राहा’ एवढाच सल्ला आहे.

पुस्तिका कोणत्या देशातल्या सवयी गृहीत धरते हे कळले ते लाल-काळ्या जोड्यांच्या प्रयोगात. अमेरिकन गणिती नॉर्मन गिलब्रेथ यांनी १९५८ मध्ये हे तत्त्व मांडले आणि गणिताच्या गमतींवर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांच्या लेखनामुळे ते जादूगारांच्या वर्तुळाबाहेर पोहोचले. कॅट लाल-काळा, लाल-काळा असा लावून ठेवायचा, निम्म्याच्या आसपास पाने एकेक करून टेबलावर वाटायची, म्हणजे त्यांचा क्रम उलटा होतो, आणि मग ही वाटलेली गड्डी व हातातली गड्डी एकमेकींत मिसळायला प्रेक्षकाला सांगायचे. मिसळणे कितीही वेडेवाकडे झाले तरी वरून दोन-दोन पाने घेत गेल्यास प्रत्येक जोडीत एक लाल व एक काळे निघतेच. पिसल्यानंतरही क्रम टिकतो यावर पटकन विश्वास बसत नाही, पण एका मिसळणीने कॅट फार विस्कटत नाही हे खरे आहे. डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितींनी १९९२ मध्ये दाखवून दिले की अशा पद्धतीने बावन्न पाने नीट मिसळायला सुमारे सात फेऱ्या लागतात. (डायकोनिस स्वतः चौदाव्या वर्षी घर सोडून जादूगाराबरोबर हिंडले होते, मग गणिताकडे वळले.)

अडचण ‘अशा पद्धतीने’ या दोन शब्दांत आहे. पुस्तिकेत नुसते ‘पिसा’ असे लिहिले आहे आणि त्यातून अभिप्रेत आहे ते दोन गड्ड्यांच्या कडा फरफर सोडून त्या एकमेकींत विणणे. आपल्या घरांत पाने अशी कोणी पिसत नाही. आपण कॅट डाव्या हातात धरतो आणि उजव्या हाताने त्यातून झुबके काढून पुढे-मागे टाकतो. त्याने गिलब्रेथ यांच्या तत्त्वाचे तीन सेकंदांत तुकडे होतात. पहिल्या वेळी बहिणीच्या यजमानांनी विश्वासाने पाने हातात घेऊन पिसली आणि पहिल्या दोन जोड्या बरोबर निघून तिसरीत दोन्ही पाने काळी आली. यावर उपाय मला नंतर सुचला. दोन्ही गड्ड्या चादरीवर समोरासमोर ठेवायच्या आणि प्रेक्षकाला त्या कडेने एकमेकींत घुसवायला सांगायच्या. पाने जशी अडकतील तशी अडकू देत, तत्त्व शाबूत राहते, आणि माझ्या अंगठ्यालाही काही करावे लागत नाही. एवढे एक वाक्य पुस्तिकेत असते तर त्या संध्याकाळची नाचक्की टळली असती.

सर्वांत मोठा घोळ अक्षरे मोजण्याच्या प्रयोगांत झाला, आणि या संचातून मला मिळालेली सर्वांत चांगली गोष्टही तिथूनच निघाली, म्हणून यावर जरा थांबतो. पुस्तिकेत नऊ पानांचा एक प्रयोग आहे. जगभर तो जादूचे प्रयोग रचणारे जिम स्टाइनमायर यांच्या नावाने ओळखला जातो, पुस्तिकेने त्यांचे नाव दिलेले नाही. निवडलेले पान वरून तिसरे असते. त्या पानाच्या इंग्रजी नावातल्या प्रत्येक शब्दाला अक्षरागणिक एक पान खाली टाकायचे, उरलेली गड्डी वर ठेवायची, पुढचा शब्द घ्यायचा, आणि शेवटी ‘मॅजिक’ या शब्दाच्या पाच इंग्रजी अक्षरांवर ते पान हजर होते. हा प्रयोग चालतो याचे कारण इंग्रजीत एक्क्यापासून राजापर्यंत कोणत्याही पानाच्या नावात तीनपेक्षा कमी अक्षरे नाहीत. (त्या तेरा नावांची एकूण अक्षरे बरोबर बावन्न भरतात, हा आणखी एक योगायोग.) सासूबाईंना इंग्रजी अक्षरे जुळवायला सांगणे बरे दिसेना, म्हणून मी तो सरळ मराठीत केला, आणि तो पहिल्याच शब्दावर कोसळला.

का कोसळला हे रात्री वहीत मांडून पाहिले. एक्का, दुर्री, तिर्री, चौकी, पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी, राणी, राजा ही सगळी नावे दोन अक्षरांची आहेत. तीन अक्षरे एकट्या गुलामाला. तिसऱ्या जागेवरच्या पानाला किमान तीन अक्षरांचा शब्द लागतो, म्हणजे मराठीत हा प्रयोग फक्त गुलामावर उभा राहील. पण वही मिटता मिटता दुसरी गोष्ट दिसली. इस्पिक, बदाम, चौकट ही तिन्ही नावे तीन-तीन अक्षरांची आहेत. किलवर तेवढे चार अक्षरी, आणि तेही ‘किल्वर’ असे लिहिणाऱ्यांच्या घरी तीन अक्षरी. म्हणजे किलवर आणि गुलाम वगळले तर मराठीतल्या प्रत्येक पानाच्या नावाला तीन अधिक दोन अशी पाचच अक्षरे आहेत. बदाम सत्ती पाच, इस्पिक राणी पाच, चौकट अठ्ठी पाच.

आणि नऊ पानांचे मधले पान पाचवे असते. एकवीस पानांचाच प्रयोग नऊ पानांवर करायचा : तीन-तीनच्या तीन गड्ड्या, निवडीची गड्डी मध्ये, आणि येथे दोनच वाटण्या पुरतात, कारण नवाचे तीन आणि तिनाचे एक. दुसऱ्यांदा गड्डी मध्ये ठेवली की पान वरूनही पाचवे, खालूनही पाचवे. मग प्रेक्षकाला पानाचे नाव मोठ्याने सांगायला लावायचे आणि एकेका अक्षराला एकेक पान उलटायचे. मी हे सासूबाईंनाच करायला दिले. त्यांनी चष्मा सारखा केला आणि ‘ब, दा, म, स,’ म्हणत चार पाने उलटली, ‘त्ती’ म्हणून पाचवे उलटले, आणि ती बदामची सत्तीच होती. त्यांनी ते पान उलटसुलट करून पाहिले, शेजारच्या मुलाला दाखवले, आणि मग मला पुन्हा करायला लावले नाही, स्वतःच पुन्हा केले. त्या वेळी माझा हात पानांना लागलाही नव्हता. पाने निवडताना किलवर आणि गुलाम बाजूला ठेवायचे, एवढेच पथ्य, आणि नऊच पाने असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात येत नाही. घरोघरी चौकीला चव्वी किंवा दश्शीला दस्सा म्हणतात, पण अक्षरे दोनच राहतात. राणीला बेगम म्हणणाऱ्या घरी मात्र आधी विचारून घ्यावे.

पुस्तिकेचा शेवटचा भाग आधी लावून ठेवलेल्या कॅटविषयी आहे. प्रत्येक पान आधीच्यापेक्षा तीनाने मोठे आणि चारही रंगांची पाळी ठरलेली. किलवर एक्का, बदाम चौकी, इस्पिक सत्ती, चौकट दश्शी, किलवर राजा, मग बदाम तिर्री, अशी ही साखळी बावन्न पानांत कुठेही न तुटता फिरते, त्यामुळे कॅट कितीही वेळा काटला तरी बिघडत नाही. कोणी पान उचलले की त्याच्या वरचे पान पाहायचे आणि तीन मिळवायचे. साय स्टेबिन्स या अमेरिकन जादूगाराच्या नावाने ही मांडणी ओळखली जाते. रंगांचा क्रम लक्षात ठेवायला पुस्तिकेने इंग्रजी शब्द दिला आहे, मी ‘किबइचौ’ असे घोकले. प्रयोग उत्तम आहे, पण कॅट लावायला मला बारा मिनिटे लागतात आणि एकदा पिसला की सगळे पहिल्यापासून. घरच्या मैफलीत तो पहिला आणि एकदाच करावा.

चित्रफितींबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. त्या एकोणीसपैकी अकराच प्रयोगांच्या आहेत, शिकवणारा माणूस घाईत असतो, आणि दोन चित्रफितींत तो नकळत हातचलाखी करतो, जी खोक्यावरच्या दाव्यात बसत नाही. मी विक्रेत्याला याबद्दल दोनदा लिहिले, पहिल्या वेळी ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’ असे छापील उत्तर आले, दुसऱ्या वेळी तेही आले नाही.

एवढे झाल्यावर किमतीचा हिशेब करणे भाग आहे. ६४९ रुपयांतले दोन तयार कॅट माझ्या लेखी बाद आहेत, साधा कॅट पावसाळ्यापुरता बाद आहे, आणि उरते ती पुस्तिका, जिच्या एकोणीसपैकी सात प्रयोग मी अजून करतो. इंग्रजी सहज वाचणाऱ्या आणि पायऱ्यांमागचे कारण स्वतः शोधण्याची हौस असणाऱ्या माणसाला या सात प्रयोगांचे दीडशे-दोनशे रुपये द्यायला हरकत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी हा संच घेऊ नये. त्याला स्टेशनरीच्या दुकानातला प्लॅस्टिकचा चांगला कॅट घेऊन द्यावा आणि वर सांगितलेली नऊ पानांची वाटणी शिकवावी, तो बाकीचे स्वतः विचारील. अंगठा, मनगट किंवा दृष्टी साथ देत नसलेल्या मोठ्या माणसांना मात्र हे प्रयोग नक्की करण्यासारखे आहेत, फक्त पाने एकेक करून सुटतात की नाही हे आधी पाहून घ्यावे, आणि प्रेक्षक हातावर पिसणारे असतील तर चादर अंथरून बसावे.

स्वेंगाली कॅट सध्या भाच्याकडे आहे. सव्वीस चौकट राण्यांतल्या काही त्याने पुस्तकांत खुणेसाठी घातल्या आहेत.